सापळे मोजताना

विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
फरशीवर सापळे मांडलेत.
उघडला की पत्र्याची पेटी,
मिटला की वहीएवढा.
उद्या दुपारी जीप येईल.
दिवस मावळताना नान्नजच्या माळावर लावायचे
आणि ऊन चढायच्या आत उघडायचे,
एवढंच काम.

आधी धुणं. साबण बिनवासाचा.
मागच्या खेपेचा उंदीर या खेपेच्या उंदराला
काहीतरी सांगून गेलेला असतो,
ते पुसायला लागतं.
मग कमान.
दार पडतं का, आणि किती जोरात पडतं,
शेपटी तर सापडणार नाही.
पेन्सिलीने दाबून बघते, बोटाने नाही.
नान्नांच्या तर्जनीला वरचं पेर नाही,
धोट्याने घेतलं, मी दुसरीत असताना.
ते आता भिंतीला टेकून
पेट्यांच्या कडांवर कानस फिरवताहेत.
माझ्या हातासाठी की उंदराच्या नाकासाठी,
मी विचारत नाही.

रात्री माळ गार पडतो, पत्रा त्याहून गार.
म्हणून आत सूत.
कारखान्यातलं टाकाऊ, चादरींच्या काठांतून उरलेलं,
लाल, मोरपंखी, मध्येच एखादा पिवळा धागा.
एकेका पेटीत मूठभर.
तीस ग्रॅमच्या जिवाला सोलापुरी अंथरूण!
वर ज्वारी आणि शेंगदाण्याचा कूट.
"चटणीच घाल की," नान्ना म्हणतात
आणि स्वतःच हसतात.

अम्मा लांब बसलीय, मांडीवर सूप.
तिने हात लावायचा नाही.
तीस वर्षांचा तंबाखू
लिंबाने जात नाही, राखेने जात नाही.
हे तिला पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा किती तरी वेळ
तिने हात पदराखाली धरले होते.

पण मोजते तीच.
ओकटी, रेंडू, मूडू,
ओठ हलतात, बोटं आपली विडी वळत राहतात.

मागच्या चैत्रात मी मोजले नव्हते.
बिभीषण म्हणाला झाले, मी म्हटलं झाले.
चाळिसावा तीन दिवसांनी मिळाला
बोरीच्या बुडाशी, दार मिटलेला.
आत सूत नीट गोल केलेलं,
झोपायची तयारी करावी तसं.
बाहेर त्रेचाळीस अंश.
वहीत त्यासाठी रकाना होता,
तो भरला.
घरी फक्त अम्माला सांगितलं.
ती काही बोलली नाही.
सकाळी माझ्या पिशवीत
कट्टे बांधायच्या दोऱ्याचं रीळ होतं, गुलाबी.
"पेटीला नको. शेजारच्या झुडपाला बांध,
लांबून दिसेल.
झुडपाला वास चालतो ना?"

"मुप्पै तोम्मिदी," अम्मा थांबते.
माझा हात सुतातच थांबतो.
पलंगाखाली बघते, पिशवी झटकते,
पुन्हा पलंगाखाली.
अम्मा हनुवटीने भिंतीकडे दाखवते.
नान्नांच्या गुडघ्यावर एक पेटी,
कानस चालूच, त्यांना कसला पत्ता नाही.

"नलभै."
आता कुठे ती हातातली विडी खाली ठेवते.
"परवा आलीस की आधी इथं मांड.
मग चहा."