कॉलबुक

एकतीस वर्षं मी भुसावळात माणसं उठवली.
रात्री एक, दोन, सव्वातीन.
सायकलच्या दांडीला कंदील, काखेत लाल पुठ्ठ्याचं कॉलबुक,
पंधरा बंगल्यापासून लिंपस क्लबापर्यंत
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.
कडी वाजवायची, गाडीचा नंबर सांगायचा,
सही घ्यायची, पुढचं दार.
कॉलमन सुपडू तायडे.
ज्याची झोप मोडली त्यानंच सही द्यायची, असा कायदा.

आता माझी कोण मोडतं
त्याची सही कुठंच नाही.

रिटायर झालो त्या मे महिन्यात म्हटलं, उकाडा असेल.
गच्चीवर गेलो, चादरीवर पाणी शिंपडलं.
लांब दीपनगरच्या धुराड्यावर लाल दिवा
लागतो, विझतो, लागतो.
मोजत राहिलो.
चार हजारांपुढे आकडेच मला मोजायला लागले.

आधी नुसते डोळे जळायचे.
मग चहात मीठ पडलं.
मग नातवाचं नाव ओठावर येईना,
"अरे तू, तू" म्हणून हाक मारली, तो दाराआड गेला.
बँकेत पासबुकाचं मशीन अडकलं
आणि मी रडलो, रांगेत, सगळ्यांदेखत.
बाप गेला तेव्हा एवढा रडलो नव्हतो.

शेजारच्या खाचण्यांचा नळ रात्रभर टपकायचा.
माझी खात्री, मुद्दाम टपकवतात.
एका पहाटे काठी घेऊन गेलो.
नळ कोरडा ठणठणीत.
गल्लीत आठ दिवस पाणीच आलं नव्हतं.
खाचणे काही बोलले नाहीत,
हातातली काठी घेतली आणि बसायला स्टूल दिलं.
त्या स्टुलावर मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

झोप म्हणजे घराला दार असतं हो.
रात्री ते लागलं नाही
तर दिवसा कोणीही आत शिरतं
आणि तुमच्याच आवाजात बोलतं.

कौतिका विचारते, "काय हून राहिलं तुमाले?"
मी तिच्या अंगावर ओरडतो.
ती कळण्याची भाकरी थापत राहते,
जरा जोरात थापते, एवढंच.

आणि तीनच्या सुमाराला रेबेलो येतो.
मालगाडीचा ड्रायव्हर. रात्री दहाला घरी आला होता,
तीन दहाला मी त्याची कडी वाजवली.
उजव्या पायात डावा बूट.
"सुपडू, पाच मिनिटं."
मी घड्याळ दाखवलं.
त्यानं सही केली, रेघ पानाबाहेर गेली.
काही झालं नाही त्या रात्री, गाडी नीट पोचली,
तरी मी ते पान अजून उलटतो.
कॉलबुकात उठल्याच्या वेळेला रकाना होता,
कधी झोपला, त्याला नव्हता.

रेल्वे दवाखान्यातली सुरवाडे मॅडम माझ्या सुनेच्या वयाची.
म्हणाली, "काका, वेड नाही हे. मन थकलंय.
गोळी देईन, पण आधी एक वही घाला.
कितीला जाग आली, लिहायचं."
किती महिन्यांनी हसलो मी.
मॅडम, वही मला शिकवता?

सोमवार. १२.४०, २.१०, ४.००. सही, सु. तायडे.
मंगळवार. नळ ऐकला. गेलो नाही.
बुधवार. एक तास चाळीस मिनिटं, सलग.
खाली दोन रेघा मारल्या.
गुरुवार. कौतिकावर ओरडलो. मग तिच्यासोबत शेंगा फोडत बसलो.

शुक्रवारी दोनला पुन्हा कडी वाजली.
मला ठाऊक होतं, बाहेर कोणी नाही,
कंदील नाही, सायकल नाही.
उठलो नाही.
आतूनच म्हटलं, "पाच मिनिटं."

अंधारातून कौतिका म्हणाली,
"घ्या."