उपयोगिता प्रमाणपत्र

रकाना सात : किती गुन्हे टळले? आकड्यात लिहा.

एकतीस मार्च. सेटलमेंटातली अभ्यासिका,
दोन ट्यूबलाइट, एक कॅरम,
पंख्याचं बिल माझ्याच खिशातून.
वर्षाचा निधी आला परवा;
आज संपवून दाखवायचा.

आठ लिहू?
त्या रात्री यंत्रमागाच्या शेडमागं
निखल्या तांब्याच्या वायरीपाशी
बराच वेळ उभा होता, आणि परत आला,
कॅरमची राणी त्याच्याच खिशात राहिली होती म्हणून.
हा एक धरायचा?
की अर्धा?

केराबाई विड्या वळता वळता म्हणते,
"आमच्या म्हाताऱ्याच्या वेळी
सरकारनं इथं तीन पदरी तार ठोकली.
चोरी करो न करो, दिवसातून हजेरी.
त्या तारेचा हिसाब कुणी मागितला का बे,
किती गुन्हे टळले म्हणून?"
आणि सुपातली पानं भिजवायला उठते.

मी पेन्सिलीनं आकडा काढतो,
खोडतो. कागद तिथं पातळ झालाय.

निखल्या दारात चप्पल काढतो.
"सर, उद्या उघडं का?"

उद्या एक एप्रिल.
मी म्हणतो, "पावडर आण येताना.
बोर्ड चिकटतोय."