सतरा अक्षरं

बस त्या स्टुलावर. पत्र्याले हात नको लावू, प्रायमर ओला हाये.
कागदावर लिहून आणलं तू:
समता कूलर्स अँड मोटर वाइंडिंग वर्क्स.
मोजली मी. सतरा अक्षरं.
अक्षरामागं पंचवीस रुपये.
जोडाक्षराचे जास्त घेत होतो पहिले, आता नाई घेत.

तर अँड काढ. मंग वर्क्स काढ.
अँड म्हटल्यानं मोटर काही जोरात फिरत नाई.
चार अक्षरांचे शंभर वाचले,
शंभरात एक कपॅसिटर येते,
अन् एका कपॅसिटरवर मे महिन्यात
एक अख्खं घर रात्रभर झोपते.

जगनाडे चौकापासून सक्करदऱ्यापर्यंत
पाट्या किती रंगवल्या, मोजल्या नाई.
पुसल्या किती, त्या मोजल्या.
हाच पत्रा पाह्य. कोपऱ्यात जरा नखानं खरवड.
निळा निघते, थे मोबाईल रिचार्ज होतं.
त्याच्याखाली हिरवा, ज्यूस सेंटर, दोन उन्हाळे.
सगळ्यात खाली पिवळा,
हेमराज नंदनवारचं साडी सेंटर.
त्यानं 'अँड सन्स' लिहाले लावलं होतं
तवा पोरगं पाळण्यात होतं.
पोरगं आता पुण्यात हाये,
पत्रा माह्याजवळ.

भेव नाई दाखवत वं.
पत्रा चांगला होता म्हणून तर चौथ्यांदा रंगून राह्यला.

नवतपात तुह्या दारात रांग लागन.
गल्ला फुगन. पण त्या गल्ल्यात
जुलै बसून असते, ऑगस्ट बसून असते,
दिवाळीपर्यंतचं भाडं मांडी घालून असते.
त्यायले उठवू नको.

भाड्याचा कागद वाचला का पुरा?
खालचं बारीक अक्षर वाच.
अक्षर कायले बारीक काढतात
हे माह्याशिवाय कोणाले ठाऊक?
ज्याले वाचू द्यायचं नसते, थो म्हणते,
पेंटर, हे जरा लहान घ्या.

मामा येईन कूलर घेऊन, घरचंच हाये म्हणन.
घरच्याले पैसे कमी लाव, बिल मात्र दे.
अन् चौकातले म्हणतीन, पोरगी वाइंडिंग करते?
त्यायले उत्तर नको देत बसू.
मोटर चालू करून हातात दे.

उधारीचं सांगतो.
थावरे किराणावाल्याले पाटी करून दिली होती,
'आज रोख उद्या उधार',
लाल अक्षर, काळी सावली, काम एक नंबर.
म्हणे पैसे उद्या ने.
अकरा वर्षं झाली.
अजून रामराम करतो आम्ही एकमेकाले,
थो उद्यावर ठाम हाये.

काय म्हणते?
वर्क्स राहू द्या?

...आई विचारते रोज, कुठं जातेस वं डबा घेऊन,
तर वर्क्समध्ये जातो म्हणता येते.
बाबाही तेच म्हणत होते, मिल होती तवा.

बरं.
राहू दे. माह्या ध्यानात नाई आलं.
अँड तेवढं काढू. पंधरा अक्षरं.
र्क्स जरा मोठा काढतो, रफार वर ताणून,
रस्त्याच्या त्या बाजूनं दिसला पाह्यजे.

माह्या दुकानाले पाटी हाये का, नको विचारू.
सगळेच विचारतात.

सांजेले साडेसहाले ये, वाळलेला असन.
तीनशे पंचाहत्तर. पुरे आताच दे,
थावरेचं सांगितलंच मघाशी.

पावती?

चाळीस वर्षात कोणी मागितली नाई, बाप्पा.
थांब.
पेन हाये तुह्याजवळ?
मी कागद पाह्यतो.