बहात्तर आठवडे

बहात्तर आठवड्यांनी
आमच्या कारखान्यात कोंबडी जुनी होते.
मग ट्रक येतो, रात्रीचाच,
कारण अंधारात त्या ओरडत नाहीत.

मी अकरा वर्षं अंडी मोजली.
पट्ट्यावरून यायची एकसारखी, कोमट,
भेगाळलेली तेवढी बाजूला काढायची.
हे कुणी घातलंय, असा प्रश्न
अकरा वर्षांत एकदाही पट्ट्यावरून आला नाही.

मार्चमध्ये मॅनेजर व्हाइदोतास म्हणाला,
घरी न्यायच्या तर न्या, एक युरोला एक.
मांस चिवट असतं, पण रस्सा बरा होतो.
मी चार घेतल्या.
रश्श्यासाठीच घेतल्या, खोटं कशाला बोलू.

अंगणात खोका उघडला.
लिंडनच्या बुंध्याशी बर्फ वितळून
काळी माती उघडी पडली होती.
एकही बाहेर येईना.
झाकण सताड उघडं, आणि चौघी
वहीच्या पानाएवढ्या जागेत उभ्या,
निम्म्या अंगावर पिसं नाहीत,
जणू हवेतही तारा होत्या
आणि त्या फक्त मला दिसत नव्हत्या.

सुरी धुऊन ओट्यावर ठेवलेली होती.
पाणी उकळलं.
मी त्याचा चहा केला.

दुसऱ्या दिवशी एकीनं पाय बाहेर ठेवला,
चटका बसल्यासारखा मागे घेतला.
नखं केवढी वाढलेली, वेडीवाकडी,
जमिनीनं कधी न झिजवलेली.
कुंपणापलीकडून गेनोवाइते म्हणाली,
"दांग्वोले, कोंबडीला चालायला शिकवतेस?
आधी स्वतःचं चालणं बघ."
खरंच होतं. गुडघे सुजलेले, रक्तात साखर,
रात्रीचं जेवण पाकिटातलं, उभ्याउभ्या,
टीव्हीच्या निळ्या उजेडात.
त्यांनाही सोळा तास दिवा असायचा.

शेवटी मीच बसले ओल्या मातीत.
बोटांनी ढेकूळ फोडलं.
गांडूळ निघालं, गुलाबी, आळसावलेलं.
चौघींनी एकदम माना वळवल्या.
हे त्यांना कुणी सांगितलं होतं?
त्यांच्या आईनंही गांडूळ पाहिलं नव्हतं.

सगळ्यात उघडीबोडकी होती ती आठवड्यात गेली.
एका कोंबडीला खड्डा खणतेस, म्हणत
गेनोवाइते हसली.
मग फावडं घेऊन आली, कारण जमीन खालून अजून गोठलेली होती.

नोकरी लगेच सोडली असं नाही.
घराचा हप्ता होता. जूनपर्यंत मोजत राहिले.
पण ट्रकच्या रात्री
ते गप्प बसणं मला ऐकू यायला लागलं,
आणि एकदा ऐकू आलं की
कानात बोळे घालून भागत नाही.

आता शाळेच्या भटारखान्यात राईची भाकरी भाजते,
पगार निम्मा.
तळ्याच्या कडेनं पायी जाते, येते,
येताना ओच्यात रानचुका आणते.
आई त्याचं आंबट सार करायची,
वर बडीशेपेचा हिरवा पाला.
किती घालायचा ते मला आठवत नव्हतं,
हाताला आठवत होतं.
साखर उतरली म्हणतो डॉक्टर. थोडी.
गुडघे आहेत तसेच आहेत.

जुलैत एका दुपारी पाहिलं,
तिघी गोठ्यामागच्या धुळीत लोळत होत्या,
पंख पसरून, डोळे मिटून,
पोटाखाली माती उडवत, इतक्या बेशिस्त,
की मला लाजल्यासारखं झालं
आणि मी पाहत राहिले.

आग्याच्या झुडपात काल अंडं सापडलं.
कोमट. एका बाजूला बारीक भेग.
तळहातावर धरून मी मोठ्यानं विचारलं,
"कुणी घातलंय हे?"
एकीनं मान वाकडी करून
माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं,
आणि परत उकरायला लागली.