छाट

अम्मा मालिका बघत नाही, ऐकते.
मान सुपात, कान टीव्हीत.
पत्र्याच्या कडेकडेनं कात्री पान कापत जाते,
चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा.
विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
रोज हजार विड्या,
आणि साडेसातपासून मालिका.

परवा म्हणाली, आवाज वाढव रे.
वाढवलेलाच होता.
पडद्यावर सून दारात उभी,
हातातलं ताट पडलं होतं,
आणि तिसऱ्यांदा पडत होतं.
धडाम्, सासूचा चेहरा.
धडाम्, नणंदेचा.
धडाम्, दिराचा, जो दिवाळीतच वारला होता.
"कोणी बोलेना का?"
मी म्हटलं, बघतायत एकमेकांकडं.
"किती वेळ?"
जाहिरात लागली. तेवढ्यात तिच्या चौदा विड्या झाल्या.

तिला एक जुनी मालिका आठवते, नाव आठवत नाही.
दर मंगळवारी लागायची, तेरा भागांत संपली.
एका कारकुनाची बदली होते,
आणि सामान बांधताना बायको विचारते,
"तुळस कुठल्या ट्रंकेत ठेवू?"
एवढंच.
तेव्हा आमच्याकडं टीव्ही नव्हता.
चिट्यालांच्या खिडकीखाली साताठ जणी बसायच्या,
सुपं मांडीवर घेऊन.
त्या वाक्याला सत्तेम्माची कात्री थांबली होती म्हणे.
सत्तेम्माची कात्री
नवरा गेला तेव्हाही दुसऱ्याच दिवशी चालू होती.

मधे लाइट गेली.
गल्लीभर बायका उंबऱ्यावर आल्या,
आणि अंधारातच, निम्मं तेलुगू निम्मं मराठीत,
सत्तेम्मानं पुढचा भाग सांगून टाकला:
सुनेनं ताट उचललं, घासलं,
आणि अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
शिवणीवर लागली.
"पगार किती?" कोणीतरी विचारलं.
यावर बराच वेळ वाद झाला.

लाइट आली. सून दारातच.
मी वैतागलो. म्हटलं, अम्मा,
यांच्या डोक्यावर एक चेकर बसवला पाहिजे,
तुमच्या कारखान्यातल्यासारखा.
तोंड वाकडं, फेक. पोकळ भरली, फेक.
गुरुवारी त्यानं तुझ्या साठ काढल्या ना छाटात?

ती काही बोलली नाही.
ओल्या फडक्यातलं एक पान काढून
बल्बसमोर धरलं.
भोकातून उजेड तिच्या गालावर पडला,
मोहरीएवढा.

"पानच असलं देतात रे आता," ती म्हणाली.
"करपलेलं, किडकं.
आणि हजार तर रोज द्यायच्याच."

कुणाबद्दल बोलली, मी विचारलं नाही.
भोक टाळून तिनं पान कापलं,
लहानसं निघालं, तरी वळलं,
आणि मान वर न करता म्हणाली,
"पडलं का ते ताट?"

म्हटलं, पडतंय.