निळी रेषा

आरेखक गायधनी निवृत्त झाले
तेव्हा त्यांच्या खणात निघाली शंभर पानी वही.
वर लिहिलेलं: आलेलं, परत गेलेलं.

चांदीचा गणपती. परत. पोच घेतली.
पैठणी, बायकोच्या नावे. परत.
चिवडा, पाव किलो. खाल्ला, सगळ्या सेक्शननं.
पुढे बारीक अक्षरात:
बावीस रुपये देऊ केले, घेईनात,
मनीऑर्डर केली.

बावीस रुपयांची मनीऑर्डर!
आम्ही पोट धरून हसलो.
मी जरा जास्तच.

मग नगररचनेतली ती खुर्ची माझ्याकडे आली
आणि फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी.
"पोरांसाठी, मॅडम."
पोरं होतीच घरात. खाल्ली.

पुढच्या फेब्रुवारीत पेटीसोबत नकाशा आला.
गोदावरीच्या निळ्या पूररेषेवर
त्यानं हळूच नख ठेवलं:
"एवढंच. दोन मिलिमीटर."

दोन मिलिमीटर, म्हणजे जागेवर दहा मीटर.
दहा मीटर, म्हणजे एक तळमजला,
आणि तिथे जिन्याखाली निजणारा
कुणीतरी वॉचमन, त्याची बायको, त्यांचा गॅस.

संध्याकाळी रामकुंडाकडे गेले.
आपण नाशिककर पूर मोजतो दुतोंड्या मारुतीवर:
घोटे बुडाले, गुडघे, कंबर, छाती.
मारुती त्या दिवशी ठणठणीत कोरडा.
मी चपला काढून
स्वतःचे घोटे बघत राहिले.

नकाशा तसाच परत केला. पेटीही.
पण मागच्या वर्षीची?
गायधनींना फोन लावला.
ते हसले नाहीत.
म्हणाले, "तारीख आठवते का?
बाजार समितीत त्या दिवशीचा भाव मिळेल."