फाटक्या कानाचा

बत्तीस दिवस खिंडीतल्या खडकाला बांधलेला कॅमेरा
आज खाली आणला. नऊ हजार फोटो.
आठ हजारांत नुसतं हललेलं गवत,
बाकीत शेळ्या, एक कोल्हा,
आणि नोमूनची मोटारसायकल, दोनदा.
उरले त्रेचाळीस.

म्हातारा लुव्सानदोर्ज चहात मीठ ढवळत म्हणाला,
"दाखव बघू त्या हरामखोराला."

वीस वर्षांचं वैर.
फाटक्या कानाचा हिमबिबट्या एका रात्री वाडग्यात उतरला,
एकवीस शेळ्या मारल्या
आणि एकही न खाता निघून गेला.
तेव्हापासून या डोंगरात काहीही मेलं
की नाव त्याचंच.
वीस वर्षं कुठला बिबट्या जगतो,
हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या रेघेवर.
प्रोग्रॅमनं कुशीवरचे ठिपके
एकमेकांवर ठेवून पाहिले,
सावकारानं अंगठे ताडावेत तसे,
आणि सांगितलं : चार.

"चार काय?"
चार वेगवेगळे. एक मादी, तिचं वाढतं पिल्लू,
दोन नर.
"कान?"
फाटका दोघांचा. मादीचा सावलीत गेलाय.

त्यानं पिशवीतून मेंढीच्या घोट्याची हाडं काढली,
जाजमावर मांडली. एक, दोन, तीन, चार.
बराच वेळ बघत राहिला,
जणू डाव त्याचा होता आणि नियम कुणी बदलले होते.

"मग त्या रात्रीचा यातला कुठला?"
यातला कुठलाच नाही, मी म्हटलं.
हे तेव्हा जन्मलेही नव्हते.

"आणि त्सेरेन्ल्हाम गेली त्या पहाटे
दारासमोर बसला होता तो?
बर्फ अंगावर घेत.
शेळ्यांकडे ढुंकून न बघता?"

तेव्हा कॅमेरा नव्हता, आजोबा.

"हं," म्हणाला,
आणि पाचवं हाड पिशवीतून काढलं,
मांडलं नाही.
मुठीत धरून बसला.

मी तक्त्यात चार लिहिलं,
तारीख घातली, लॅपटॉप मिटला.

मध्यरात्री कुत्रा भुंकला.
तो सवयीनं उठला, दाराचं कातडं बाजूला केलं,
शिवी ओठांपर्यंत आली
आणि कुणाला द्यायची
ते ठरेना.